वाहनविषयक प्रश्नोत्तरे : व्हीलबेस कसा मोजावा आणि त्यातून काय कळते?

वापरलेली मोटार पारखून कशी घ्यावी, याविषयी या सदरात लिहिल्यानंतर वाचकांकडून जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधील अंतराविषयी, म्हणजे व्हीलबेसविषयी आहेत. हे माप टेप, ओळंबा आणि खडू एवढ्या सामानावर घरच्या घरी घेता येते आणि ते गाडीविषयी पुष्कळ काही सांगते. मात्र ते घेताना पाळायच्या अटी लक्षात ठेवल्या नाहीत, तर चांगल्या गाडीवरही विनाकारण संशय येतो. म्हणून या वेळचे सदर एवढ्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी सहा वर्षे वापरलेली एक हॅचबॅक घेण्याच्या विचारात आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर व्हीलबेस २४५० मि.मी. लिहिलेला आहे. आमच्या सोसायटीच्या आवारात मी टेपने मोजले, तेव्हा डाव्या बाजूला २४५५ आणि उजव्या बाजूला २४४४ मि.मी. भरले. गाडीला अपघात झालेला नाही, असे विक्रेता सांगतो. अकरा मि.मी.चा हा फरक म्हणजे गाडीचा सांगाडा वाकला आहे, असे समजावे काय? हे अंतर नेमके कोठून कोठपर्यंत मोजायचे असते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण दोन्ही बाजू मोजल्यात, ही फार चांगली गोष्ट केलीत. बहुतेक लोक एकच बाजू मोजून थांबतात आणि त्या एका आकड्यावरून काहीही ठरवता येत नाही.

आधी व्याख्या पाहू. पुढच्या चाकाच्या केंद्रातून एक आणि मागच्या चाकाच्या केंद्रातून एक, अशी दोन उभी प्रतले गाडीच्या मध्यरेषेला काटकोनात उभी आहेत अशी कल्पना करावी. त्या दोन प्रतलांमधील आडवे अंतर म्हणजे त्या बाजूचा व्हीलबेस. भारतीय मानक आयएस ९४३५ आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६१२ या दोन्हींमध्ये वाहनांच्या मापांच्या व्याख्या दिलेल्या आहेत. या व्याख्येप्रमाणे माप चाकाच्या केंद्रापासून घ्यायचे असते, मडगार्डच्या कमानीपासून किंवा टायरच्या फुगवट्यापासून नव्हे, आणि टेप गाडीच्या मध्यरेषेला समांतर धरायचा असतो.

आता आपले आकडे पाहा. २४५५ आणि २४४४ यांची सरासरी २४४९.५ येते, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या आकड्याला अगदी चिकटून. एक बाजू जेवढी वाढली आहे, जवळजवळ तेवढीच दुसरी घटली आहे. यावरून माझा पहिला अंदाज असा की, मोजताना पुढची चाके सरळ नसून किंचित उजवीकडे वळलेली होती.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पुढचे चाक वळते तेव्हा ते स्वतःच्या केंद्राभोवती फिरत नाही. ज्या कल्पित उभ्या रेषेभोवती ते फिरते ती रेषा चाकाच्या केंद्रापासून काही अंतर आत, इंजिनच्या बाजूला असते. हे अंतर ८० मि.मी. आहे असे धरू. चाके उजवीकडे ४ अंश वळली, तर उजव्या चाकाचे केंद्र सुमारे साडेपाच मि.मी. मागे सरकते आणि डाव्या चाकाचे तेवढेच पुढे जाते. दोन्ही बाजूंतील फरक होतो सुमारे ११ मि.मी., म्हणजे आपल्याला मिळाला तेवढाच. रस्त्यावरचे चाक ४ अंश वळायला हातातले स्टिअरिंग साधारण ६० ते ६५ अंश, म्हणजे पाव फेरीपेक्षाही कमी फिरलेले पुरते. गाडी पार्किंगमध्ये वळवून लावली असेल, तर एवढे सहज राहून जाते.

म्हणून गाडी पुन्हा एकदा, पुढील पद्धतीने मोजावी. सपाट फरशी किंवा काँक्रीटची जागा निवडावी. चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा असावी, डिकीत सामान नसावे आणि गाडीत कोणी बसू नये. गाडी दहा-पंधरा मीटर सरळ पुढे आणून, स्टिअरिंगला हात न लावता थांबवावी आणि चाकांना ठोकळे लावावेत. एवढ्यावरही विश्वास न ठेवता मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, उंचीवर सुतळी ताणावी. पुढच्या टायरच्या दोन्ही कडा सुतळीपासून सारख्याच अंतरावर असतील, तर चाक सरळ आहे. ही तपासणी दोन्ही बाजूंना करावी, कारण अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या दिशांची जुळणी, बिघडलेल्या गाडीत स्टिअरिंग सरळ दिसत असूनही चाके सरळ नसतात.

चाकाचे केंद्र शोधणे हे यातले किचकट काम. हबच्या टोपणावर नजरेने खूण करणे टाळावे, कारण प्लास्टिकचे टोपण हलते. त्यापेक्षा रिमच्या कडांचा उपयोग करावा. हबच्या उंचीवर पुढच्या रिमच्या पुढच्या कडेपासून मागच्या रिमच्या पुढच्या कडेपर्यंत मोजले, तर दोन्ही रिम एकाच मापाच्या असल्यास व्हीलबेस थेट मिळतो आणि केंद्र शोधावेच लागत नाही. रिम वेगवेगळ्या मापाच्या असतील, तर पुढच्या कडा ते पुढच्या कडा आणि मागच्या कडा ते मागच्या कडा अशी दोन मापे घेऊन त्यांची सरासरी काढावी. एका मापात त्रिज्यांमधील जो फरक वाढलेला असतो तो दुसऱ्यात तेवढाच घटतो.

मी स्वतः याहीपुढे जाऊन ओळंब्याची पद्धत सुचवीन. चारही रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा कराव्यात आणि प्रत्येक चाकाच्या दोन खुणांचा मध्य काढावा. मग गाडी ढकलून बाजूला घ्यावी. जमिनीवर आता चार बिंदू उरतात आणि डावी बाजू, उजवी बाजू व दोन्ही कर्ण निवांतपणे मोजता येतात. गाडी उभी असताना कर्ण मोजणे जवळजवळ अशक्य असते आणि खरी माहिती तर कर्णांतच असते. पुढच्या व मागच्या चाकांची रुंदी वेगळी असली, तरी धड असलेल्या गाडीत दोन्ही कर्ण सारखेच यायला हवेत, कारण ती आकृती मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी असते.

टेप पोलादी असावा. त्याच्या टोकाचा हूक मुद्दामच थोडा सैल ठेवलेला असतो, म्हणून चांगले कारागीर १०० मि.मी.च्या रेघेपासून मोजतात आणि शेवटी १०० वजा करतात, तसेच करावे. टेपचे एक टोक थोडे वर-खाली झाले तर मात्र घाबरायचे कारण नाही. अडीच मीटरच्या मापात एक टोक १०० मि.मी. वर असले, तरी चूक जेमतेम २ मि.मी.ची होते. चाक वळलेले राहिल्याने होणारी चूक याच्या कितीतरी पट मोठी असते.

आता निष्कर्ष कसा काढायचा ते पाहू. नव्या मापात दोन्ही बाजू एक-दोन मि.मी.च्या फरकाने जुळल्या आणि कर्णही जुळले, तर विषय संपला. एक बाजू २४५० आणि दुसरी ठळकपणे कमी भरली, तर कमी भरलेल्या बाजूचे एखादे चाक मागे किंवा पुढे ढकलले गेले आहे. पुढचे चाक खोल खड्ड्यावर किंवा दुभाजकाच्या कडेवर जोरात आदळले, की लोअर आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, वाकून चाक मागे जाते. अशी गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते आणि अलाइनमेंटच्या यंत्रावर दोन्ही बाजूंच्या कॅस्टर कोनांत, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळते तिच्या पुढे-मागे कलण्यात, फरक दिसतो. हा दोष सुटा भाग बदलून दुरुस्त होतो. मात्र दोन्ही कर्णांत फरक असेल आणि लोअर आर्म, सबफ्रेम (लोअर आर्म ज्यावर बसवतात ती चौकट) व मागचा ॲक्सल तपासूनही त्याचे कारण सापडत नसेल, तर सांगाड्याविषयीचा आपला संशय रास्त ठरेल. मग विक्रेत्याच्या शब्दावर न जाता गाडी सांगाड्याची मापे घेणाऱ्या कार्यशाळेत न्यावी. किती मि.मी. फरक चालतो, हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते आणि शेवटचा शब्द त्याचाच मानावा.

प्रश्न : डाव्या आणि उजव्या बाजूचा व्हीलबेस वेगळा असणे हा नेहमी दोषच असतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जवळजवळ नेहमीच, पण काही गाड्या कारखान्यातूनच तशा बाहेर पडल्या आहेत. १९६१ साली बाजारात आलेली फ्रान्सची रेनॉ ४ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिच्या मागच्या चाकांना कमानपाटे किंवा कॉइल स्प्रिंग नव्हत्या. पीळ खाऊन भार पेलणारे पोलादी दांडे, म्हणजे टॉर्शन बार, गाडीच्या पूर्ण रुंदीत आडवे बसवलेले होते. लांब दांडा मऊ चालतो, म्हणून तो पूर्ण रुंदीचा हवा होता. आणि पूर्ण रुंदीचे दोन दांडे एकाच ओळीत बसत नाहीत, म्हणून एकाच्या मागे दुसरा बसवावा लागला. त्याचा परिणाम म्हणून एक मागचे चाक दुसऱ्याच्या ४८ मि.मी. मागे राहिले. लाखो लोकांनी ती गाडी वर्षानुवर्षे चालवली आणि ती रस्त्यावर तिरकी चालत नसे, कारण चारही चाकांची दिशा गाडीच्या मध्यरेषेला समांतरच होती. चाक थोडे मागे-पुढे असण्यापेक्षा ते तिरके असणे अधिक घातक, हे त्यावरून कळते. भारतात आज सर्रास दिसणाऱ्या मोटारींच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू सारख्याच असायला हव्यात, असे धरून चालावे.

प्रश्न : माझ्याकडे मालवाहू ट्रक आहे. ऊस आणि कडबा वाहण्यासाठी मागचा हौदा लांबवावा, असे एका बॉडी बिल्डरने सुचवले आहे. किती लांबवता येईल? तोच चेसिस कापून मधले अंतर वाढवून देण्याचीही तयारी दाखवतो. शिवाय ट्रकच्या नावापुढे ४२ हा आकडा का असतो?
— एक वाचक, कराड

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या उत्तरांना त्याचा आधार लागेल. टाटाच्या जुन्या ट्रकांच्या नावात १६१३/४२ अशी जी रचना दिसते, तिच्यात तिरक्या रेघेनंतरचा आकडा व्हीलबेस दाखवतो. ४२ म्हणजे सुमारे ४.२ मीटर. ही पद्धत जर्मनीतून आली. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ साली डायम्लर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली आणि मर्सिडीजच्या ट्रकांची नावे ठेवण्याची रीतही तेव्हापासून इकडे रुळली. एकाच मॉडेलचा ट्रक ३६, ४२, ४८ अशा वेगवेगळ्या व्हीलबेसमध्ये मिळत असे. टिपरला आखूड आणि हलका पण जागा खाणारा माल वाहणाऱ्याला लांब, असा त्यामागचा हिशेब. त्यामुळे सुटे भाग मागवताना, विशेषतः प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा) मागवताना, हा आकडा सांगितल्याशिवाय काम भागत नाही.

आता हौद्याविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९३ नुसार, ट्रॅक्टर सोडून इतर वाहनांत मागच्या ॲक्सलच्या पलीकडे बाहेर राहणारा भाग, म्हणजे ओव्हरहँग, पुढच्या चाकांच्या केंद्रापासून ओव्हरहँग जिथून मोजतात त्या प्रतलापर्यंतच्या अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. दोन ॲक्सलच्या ट्रकमध्ये ते प्रतल मागच्या ॲक्सलच्या केंद्रातून जाते. आपल्या ट्रकचा व्हीलबेस ४२२५ मि.मी. असेल, तर मागचा ओव्हरहँग २५३५ मि.मी.च्या आत ठेवावा लागेल. दहा चाकी ट्रकमध्ये, जिथे फक्त पुढचा ॲक्सल वळतो, तिथे मागच्या दोन ॲक्सलच्या मधोमध असलेल्या बिंदूच्या १०२ मि.मी. मागून ओव्हरहँग मोजला जातो. तीन किंवा अधिक ॲक्सलच्या वाहनांचा व्हीलबेस सांगताना लागोपाठच्या ॲक्सलमधील प्रत्येक अंतर वेगळे लिहिण्याची पद्धत आहे, कारण एकाच बेरजेच्या आकड्यावरून कोणता ॲक्सल कुठे आहे हे कळत नाही. एकूण लांबीची मर्यादा याहून वेगळी असते आणि तीही पाळावी लागते.

नियमात बसते म्हणून शेवटच्या मि.मी.पर्यंत हौदा लांबवावा, असे मात्र मी सुचवणार नाही. ॲक्सलच्या मागे ठेवलेले प्रत्येक पोते पुढच्या ॲक्सलवरचा भार कमी करते, जशी लहान मुलांच्या झोक्याच्या फळीवर एक बाजू दाबली की दुसरी उचलली जाते. पुढचा भार घटला की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग हलके पडते आणि पुढच्या चाकांचे ब्रेक पुरेसे धरत नाहीत.

चेसिस कापून व्हीलबेस वाढवण्याच्या सूचनेला स्पष्ट नकार द्यावा. व्हीलबेस नोंदणी प्रमाणपत्रावर नोंदलेला असतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला, तरी चेसिसच्या लांब पट्ट्यांवर सर्वाधिक वाक मधल्या भागात पडतो, आणि हा बॉडी बिल्डर तिथेच कापून जोड द्यायला निघाला आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचे पोलाद बदलते आणि उसाच्या हंगामातल्या ओझ्याखाली तडा तिथूनच सुरू होतो. लांब हौदा खरोखर हवा असेल, तर लांब व्हीलबेसचा ट्रकच घ्यावा.

प्रश्न : माझ्या साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलचा व्हीलबेस कंपनी १३९० मि.मी. सांगते. मी मोजला तो १३९९ भरला. टेपच चुकीचा आहे का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : टेप बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे. मोटारसायकलचा व्हीलबेस हा मोटारीच्या व्हीलबेसइतका पक्का आकडा नसतो, कारण दोन ठिकाणी तो बदलत राहतो.

पहिले ठिकाण म्हणजे मागचा ॲक्सल. साखळी ढिली झाली की आपण किंवा मेकॅनिक ॲक्सलचे नट सैल करून चाक मागे ओढतो. पट्टीवरच्या खुणांनुसार ते जितके मागे जाते, तितका व्हीलबेस वाढतो, आणि साखळी झिजत जाते तसा तो वर्षभरात काही मि.मी.ने वाढतच राहतो. नवी साखळी टाकली की तो पुन्हा कमी होतो. दुसरे ठिकाण पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन दांडे. तो उभा नसून तिरका असतो. गाडी मधल्या स्टँडवर असताना पुढचे चाक अधांतरी राहत असेल, तर फोर्क पूर्ण लांबतो आणि चाक खाली जाता-जाता पुढेही जाते. फोर्क उभ्या रेषेपासून २६ अंश कललेला असेल आणि तो ३० मि.मी. लांबला, तर चाकाचे केंद्र सुमारे १३ मि.मी. पुढे सरकते. आपला नऊ मि.मी.चा फरक एवढ्यानेही भरून निघू शकतो.

गाडी स्टँडवरून उतरवून दोन्ही चाकांवर सरळ उभी धरावी, हँडल सरळ ठेवावे आणि दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे. यात सर्वांत महत्त्वाची तपासणी व्हीलबेसच्या आकड्याची नाहीच. स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या, बोल्टच्या केंद्रापासून मागच्या ॲक्सलच्या केंद्रापर्यंतचे अंतर डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळे मोजावे. ते समान नसेल तर मागचे चाक तिरके बसले आहे. साखळी आणि स्प्रॉकेट लवकर झिजण्यामागे हे एक नेहमीचे कारण असते. साखळी घट्ट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवायला सांगतात, पण त्या खुणाच थोड्या चुकीच्या असू शकतात. टेपवर अधिक भरवसा ठेवावा.

प्रश्न : गाडी लांब म्हणजे व्हीलबेसही लांब, असे समजायला हरकत आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : हरकत आहे. अँबॅसॅडर सुमारे ४.३ मीटर लांब होती आणि तिचा व्हीलबेस २४६४ मि.मी. होता. आजची स्विफ्ट जवळपास ३.८५ मीटर लांबीची असून तिचा व्हीलबेस २४५० मि.मी. आहे. म्हणजे लांबीत सुमारे एका हाताचा फरक आणि व्हीलबेसमध्ये अवघा १४ मि.मी.चा. मारुती ८०० चा व्हीलबेस २१७५ मि.मी. होता, तर तिच्यापेक्षा २० सेंटिमीटरांहून अधिक आखूड असलेल्या नॅनोचा २२३० मि.मी.; कारण नॅनोचे इंजिन मागे होते आणि चाके अगदी चार कोपऱ्यांत नेलेली होती. माणसे बसतात ती बहुतांशी दोन ॲक्सलच्या मधल्या भागात, म्हणून आतल्या जागेचा अंदाज एकूण लांबीपेक्षा व्हीलबेसवरून बरा येतो. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या लहान मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाल्यानंतर बाहेरची लांबी वाढवण्याची वाट बंद झाली आणि त्या चार मीटरांत व्हीलबेस जितका ताणता येईल तितका ताणण्याकडे कंपन्यांचा कल वाढला.

प्रश्न : मी चिपळूणला राहतो आणि कामानिमित्त कुंभार्ली घाटातून कराडला नेहमी जातो. दोन गाड्या मनात आहेत, एकीचा व्हीलबेस २४५० मि.मी. आणि दुसरीचा २८५०. लांब गाडी घाटातल्या वळणावर अडते आणि गतिरोधकावर पोट घासते, असे मित्र सांगतात. हे कितपत खरे आहे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : मित्र सांगतात त्यात तथ्य आहे, पण ज्या ठिकाणी ते सांगतात त्या ठिकाणी फारसे नाही.

वळणावर मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती आतल्या बाजूने वळण कापतात. पुढचे चाक १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर असेल, तर २४५० मि.मी. व्हीलबेसच्या गाडीचे मागचे चाक सुमारे २० सेंटिमीटर आत येते आणि २८५० च्या गाडीचे सुमारे २७ सेंटिमीटर. फरक सात सेंटिमीटरांचा. त्याच वळणावर सहा मीटर व्हीलबेसची बस मात्र सव्वा मीटर आत येते. म्हणून एसटीचा चालक हेअरपिन वळणावर आधी बाहेरच्या बाजूला जाऊन मगच वळतो. समोरून बस येताना दिसली तर त्याला ती जागा मोकळी करून द्यावी. तो आपल्या बाजूला हौसेने येत नसतो, त्याच्या मागच्या चाकांना दरीच्या किंवा गटाराच्या कडेपासून वाचवत असतो. आपल्या दोन गाड्यांत निवड करताना घाटाचा विचार बाजूला ठेवायला हरकत नाही. चिपळूणच्या अरुंद गल्लीत एका दमात गाडी वळवताना मात्र फरक जाणवेल: पुढची चाके दोन्ही गाड्यांत ३३ अंशच वळत असतील, तर वळणाची त्रिज्या एकीत साडेचार मीटर आणि दुसरीत सव्वापाच मीटर येते. काही कंपन्या लांब गाडीची चाके अधिक वळतील अशी रचना करून हे अंतर कमी करतात, म्हणून माहितीपत्रकातला वळणाच्या त्रिज्येचा आकडा अवश्य पाहावा.

घाट उतरताना तर लांब व्हीलबेस उपयोगी पडतो. ब्रेक दाबला की मागच्या चाकांवरचा भार पुढच्या चाकांवर जातो. गाडी १२०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६०० मि.मी. उंच आणि ब्रेक बऱ्यापैकी जोरात, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट, असे धरले, तर २४५० च्या गाडीत सुमारे १७६ किलो आणि २८५० च्या गाडीत सुमारे १५२ किलो भार पुढे सरकतो. मागची चाके तेवढी अधिक जमिनीला धरून राहतात आणि गाडी नाक कमी दाबते.

गतिरोधकांच्या बाबतीत दोन प्रकार वेगळे करायला हवेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार बांधलेला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. त्यावर दोन्ही ॲक्सल असताना मधला उंचवटा २४५० च्या गाडीच्या पोटाकडे ४४ मि.मी. येतो आणि २८५० च्या गाडीच्या पोटाकडे ६० मि.मी. कोणत्याही साध्या गाडीला एवढे सहज चालते. गावोगावी रातोरात उभे राहिलेले अरुंद आणि उंच गतिरोधक मात्र पूर्ण चाकांच्या मधे येतात. १५ सेंटिमीटरचा बांध दोन्ही गाड्यांच्या पोटाकडे १५ सेंटिमीटरच येतो, व्हीलबेस कितीही असो. तिथे फक्त ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचे पोट यांमधील अंतर, उपयोगी पडतो आणि असे बांध उखडून नियमाप्रमाणे बांधावेत, यासाठी ग्रामपंचायतीकडे आणि बांधकाम विभागाकडे लेखी पाठपुरावा करणे हाच त्यावर उपाय आहे.

लांब व्हीलबेसची खरी अडचण येते ती जिथे चढ एकदम संपून सपाटी लागते तिथे, म्हणजे इमारतीच्या तळघरातील पार्किंगच्या उताराच्या माथ्यावर किंवा अंगणाच्या उंच कडेवर. दोन्ही गाड्यांचा मधल्या भागातील ग्राउंड क्लिअरन्स १७० मि.मी. आहे असे समजू. पोट न घासता २४५० ची गाडी सुमारे १५.८ अंशांचा कोन पार करते आणि २८५० ची सुमारे १३.६ अंशांचा. चार फुटांना एक फूट चढणारा उतार १४ अंशांचा असतो, म्हणजे पहिली गाडी निघून जाईल आणि दुसरी घासेल. शिवाय पाच माणसे बसली की स्प्रिंग दबून क्लिअरन्स आणखी घटतो. आपल्या घराच्या किंवा कचेरीच्या पार्किंगचा उतार आधी मोजून घ्यावा. एक मीटर लांबीची सरळ पट्टी उताराच्या वरच्या टोकावर टेकवून लेव्हलच्या बाटलीने आडवी धरावी आणि दुसऱ्या टोकाखालचे अंतर पाहावे. ते २२ सेंटिमीटरांहून अधिक भरले, तर लांब गाडी घेण्यापूर्वी ती पूर्ण माणसांनिशी त्या उतारावरून एकदा हळू चालवून बघण्याची परवानगी विक्रेत्याकडे मागावी.